सरहद्द न्हावा-शेव्याला येते तेव्हा

२३ जानेवारी २०२४ रोजी न्हावा-शेवा बंदरात कस्टम्सने एक कंटेनर अडवला. जहाज फ्रेंच कंपनीचे, झेंडा माल्टाचा, माल चीनमध्ये चढवलेला आणि जायचा होता कराचीला. आत एका इटालियन कंपनीचे सीएनसी यंत्र निघाले, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू अत्यंत अचूक कापणारे यंत्र. त्यावर मोटारीचे सुटे भाग बनतात, तसे क्षेपणास्त्राचेही बनू शकतात. म्हणून अशा यंत्रांच्या निर्यातीवर १९९६ पासूनच्या वासेनार व्यवस्थेचे निर्बंध आहेत. भारत या व्यवस्थेत डिसेंबर २०१७ मध्ये सामील झाला. चीन तिच्यात नाही. डीआरडीओच्या तज्ज्ञांनी यंत्र तपासले आणि पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात ते वापरता येण्याजोगे आहे, असे मत दिले. पाकिस्तानने मात्र हा साध्या व्यापारी लेथचा व्यवहार असल्याचे सांगितले. कागदांवर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जी नावे होती ती खरी नव्हती, एवढे तपासात पुढे आले.

इटली, चीन, फ्रान्स, माल्टा, पाकिस्तान आणि पाश्चात्त्य देशांनी आखलेली निर्बंधांची चौकट, एवढे सगळे एका कंटेनरभोवती जमले होते. निर्णय घ्यायची वेळ आली ती उरण तालुक्यातल्या धक्क्यावरच्या मोजक्या अधिकाऱ्यांवर. मी जिथे बसून हे लिहितो आहे त्या नवीन पनवेलहून ते बंदर गाडीने तासाभराच्या आत आहे. राष्ट्रीय सुरक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सियाचिन, पँगाँगचा तलाव, नियंत्रण रेषा येते. ती यायलाच हवी. तिथे आपली माणसे पहारा देत उभी आहेत. पण बंदरातून, विजेच्या तारांतून, समुद्राखालच्या केबलींतून आणि कारखान्यांच्या कच्च्या मालातून जाणारी दुसरी एक सरहद्द आहे, आणि तिच्यावर पहारा कोणाचा, हे अजून नीट ठरलेले नाही. हे पुस्तक त्या सरहद्दीविषयी आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण पहिल्या तीन प्रकरणांत ती सविस्तर आली आहे. १९९१ नंतर जगाने असे धरून चालले होते की व्यापार वाढला की भांडणे कमी होतील. एकमेकांत गुंतलेले देश एकमेकांचे गळे धरणार नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने आपल्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात महासत्तांची स्पर्धा परत आल्याचे लेखी मान्य केले आणि चीन व रशिया यांची नावे घेतली. आपल्याला ते कळायला जून २०२० मधले गलवान लागले; २० जवानांचे रक्त सांडल्यावर आपण आपल्याच बाजारपेठेकडे नव्या नजरेने पाहिले. पुढे युक्रेनचे युद्ध झाले. नोव्हेंबर २०२३ पासून हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या आणि नाशिकच्या द्राक्षांचा युरोपपर्यंतचा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा आयात शुल्क लावले. गुंतवणूक, जहाजमार्ग, कर, चिप, खनिज: ज्या गोष्टींनी देश जोडले जाणार होते, त्याच आता दाबायच्या कळा झाल्या आहेत.

त्या कळा आपल्या दाराशी कशा दाबल्या जातात याचे सर्वांत बोलके उदाहरण २७ जून २०१७ चे आहे. आपल्याकडे ते फार लवकर विसरले गेले. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू सोडण्यात आला. तो युक्रेनपुरता राहिला नाही. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरून काही तासांत त्याने जगभरची तिची यंत्रणा बंद पाडली. मर्स्कच्या गटातली कंपनी न्हावा-शेव्याला गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल चालवते. तेही बंद पडले.

टर्मिनल बंद पडणे म्हणजे काय, हे बंदरात काम करणाऱ्यालाच समजते. क्रेन धड होत्या, धक्का धड होता, माणसे कामावर हजर होती. पण कोणता कंटेनर यार्डात कोणत्या रांगेत, कोणत्या थरावर ठेवला आहे, कोणता आधी चढवायचा, गेटवर आलेल्या ट्रेलरला आत सोडायचे की नाही, हे सगळे संगणकात असते. संगणक गेला की हजारो कंटेनर म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या लोखंडी पेट्या. जमेल तेवढे काम हाताने करायची पाळी आली. आमच्या भागात याचा अर्थ सरळ असतो: बंदराचे गेट अडले की पळस्पे फाट्यापासून उरणपर्यंत यार्ड तुंबतात, ट्रेलरच्या रांगा लागतात आणि ड्रायव्हर गाडीखाली चूल मांडतो. मर्स्कला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तोटा २० ते ३० कोटी डॉलरांच्या घरात गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने या हल्ल्यासाठी रशियाच्या लष्कराला जबाबदार धरले. रशियाने ते नाकारले.

त्या दिवशी भारतावर कोणी हल्ला केला नव्हता, आणि मला या घटनेत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन परक्या देशांच्या भांडणात, तिसऱ्या देशाच्या कंपनीमार्फत, देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदराचा एक हात लुळा पडला. सैन्याची जमवाजमव झाली नाही, कोणी सीमा ओलांडली नाही. आपल्या संरक्षणविषयक चर्चेची सगळी भाषा शत्रू, आक्रमण आणि प्रत्युत्तर या शब्दांची आहे. या प्रसंगासाठी त्या भाषेत जागाच नव्हती.

दुसरे उदाहरण वादग्रस्त आहे आणि ते वादग्रस्त म्हणूनच सांगायला हवे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या ऐन काळात रुग्णालये जनरेटरवर आली. पुढे फेब्रुवारी २०२१ अखेर एका अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने भारतीय वीज यंत्रणेत चिनी गटांनी शिरकाव केल्याचा अहवाल दिला. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ही मानवी चूक असल्याचे सांगून ती फेटाळली. कोण बरोबर, हा निकाल मी देणार नाही. पण मुंबईसारख्या शहराची वीज जाते आणि राज्य व केंद्र यांचे त्याच्या कारणावर जाहीरपणे एकमत होत नाही, ही स्वतःच एक असुरक्षितता आहे. पोलीस राज्याचे, वीज पारेषणाचे मोठे जाळे राज्याच्या कंपनीचे, बंदर केंद्राचे, पाणी महापालिकेचे किंवा सिडकोचे. सुरक्षेचा विचार दिल्लीत होतो आणि फटका बसतो तो या सगळ्यांच्या सांध्यावर.

मग नव्याने विचार करायचा म्हणजे काय? माझ्या मते सुरुवात एका प्रश्नाने व्हावी: समोरचा उद्या नाही म्हणाला, तर आपले काय अडेल? रणगाडे किती, विमाने किती हा हिशेब आवश्यकच आहे, पण तो या प्रश्नानंतर यावा.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६३ च्या करारानुसार अमेरिकेच्या मदतीने उभे राहिले आणि १९६९ मध्ये वीज देऊ लागले. इंधन म्हणून समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे, असे ठरले होते. १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने आपला कायदा बदलला आणि पुरवठा आटला. मग फ्रान्सने इंधन दिले, त्यानंतर चीनने दिले, पुढे रशियाने. पालघर जिल्ह्यातल्या त्या दोन अणुभट्ट्यांनी चार महासत्तांच्या दारात रांग लावली आहे. अणुऊर्जा खात्यातल्या माणसांनी ती केंद्रे बंद पडू दिली नाहीत, हे त्यांचे मोठेपण. पण प्रत्येक वेळी सही दुसऱ्या कोणाची तरी लागत होती.

पनवेलपासून वीसेक किलोमीटरवर रसायनी आहे. तिथला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना तोट्यात गेला आणि मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले उत्पादन बंद करायचे ठरवले. एक विभाग तेवढा वाचवला, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. रॉकेटच्या द्रव इंजिनात इंधन पेटायला जो ऑक्सिडायझर लागतो, तो हा. इस्रोला तो देशात बनवून देणारा कारखाना हाच होता. विभाग माणसांसकट इस्रोकडे सोपवला गेला. ताळेबंदात बुडीत दिसणाऱ्या कारखान्यात कोणीतरी वेळेवर विचारले: हे बंद केले तर कोणाचे काय अडेल? राष्ट्रीय सुरक्षेचे धोरण म्हणजे हा प्रश्न विचारायची लागलेली सवय, असे मला वाटते. आमच्या भागातल्या फार थोड्या लोकांना ही गोष्ट ठाऊक आहे, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

जिथे तो प्रश्न विचारला गेला नाही, ती उदाहरणेही आहेत. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली आणि या देशात पेनिसिलिन बनू लागले. चीनचा स्वस्त माल आला आणि देशातले मूळ पेनिसिलिनचे उत्पादन हळूहळू थांबले. पेनिसिलिन-जी पुन्हा देशात बनू लागले ते २०२४ मध्ये, आंध्रातल्या काकीनाड्याला, सरकारी प्रोत्साहनाच्या जोरावर. तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड या पट्ट्यात औषध आणि रसायन कारखान्यांत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, चीनचा माल एक महिना आला नाही तर काय होते ते तो सांगेल. २०२० च्या सुरुवातीला त्याने ते पाहिले आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा धातूंच्या चुंबकांवर निर्यात नियंत्रण आणले, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोने इलेक्ट्रिक स्कूटरचे उत्पादन थांबू शकते, असा जाहीर इशारा दिला. चुंबक तळहातावर मावेल एवढा असतो.

आणि ही फक्त चीनची गोष्ट नाही, हे ठळकपणे सांगितले पाहिजे. पनवेलजवळ २०२० मध्ये योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिप अमेरिकी कंपनीच्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने नियम जाहीर केला की १८ मित्रदेशांना या चिप मोकळेपणाने मिळतील, बाकीच्यांना मर्यादेत. भारत त्या १८ मध्ये नव्हता. मे २०२५ मध्ये नवे सरकार आल्यावर तो नियम मागे घेतला गेला. आपण काही केले म्हणून तो आला नाही आणि आपण काही केले म्हणून तो गेला नाही. मित्र म्हणवणाऱ्याचाही नकार सोसता यावा एवढी ताकद अंगी असणे, याला मी सामरिक स्वायत्तता म्हणतो. दोन्ही गटांपासून सारखे अंतर राखणे म्हणजे स्वायत्तता नव्हे.

मराठी वाचकापुढे हा विषय मांडताना मला रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र बाजूला ठेवता येत नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ आपल्या भाषेतला राज्यनीतीचा मोठा दस्तऐवज आहे. त्यात व्यापाऱ्यांना राज्याची शोभा मानले आहे, त्यांना बोलावून वसवायला सांगितले आहे. पण टोपीकरांचे प्रकरण वेगळे काढले आहे. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच, डेन हे इतर व्यापाऱ्यांसारखे नाहीत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. आरमार, तोफा आणि दारूगोळा हे त्यांचे बळ. यांना व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी कायमची जागा आणि पक्की इमारत करू देऊ नये, असा त्याचा आशय. अमात्यांनी हे पुस्तकी ज्ञानातून लिहिले नव्हते. १६६० मध्ये राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला पन्हाळ्यावर तोफा डागून दिल्या होत्या. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढले तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजे आणून ते मोडायचा प्रयत्न केला होता.

आज न्हावा-शेव्याची टर्मिनल पाहिली तर एक दुबईच्या डीपी वर्ल्डकडे २००६ पासून आहे, एक डेन्मार्कच्या मर्स्कच्या गटाकडे, एक सिंगापूरच्या पीएसएकडे, आणि २०२२ पासून एकात फ्रान्सच्या सीएमए सीजीएमची भागीदारी आहे. यात चूक आहे असे मी म्हणत नाही. हे बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले आणि आज देशाच्या प्रमुख बंदरांतली जवळपास निम्मी कंटेनर वाहतूक ते पेलते. परकी भांडवल आणि परके कसब आले नसते तर हे झाले नसते. पनवेल, उरण, कळंबोलीतल्या हजारो घरांची चूल त्या धक्क्यावर पेटते. जमीन आणि मालकी बंदर प्राधिकरणाकडे आहे, भाडेकरार मुदतीचे आहेत, म्हणजे कायमची जागा दिलेली नाही. पण २०१७ ने दाखवले की आता कायमची जागा जमिनीवर नसते, ती संगणकाच्या प्रणालीत असते. क्रेनचे सॉफ्टवेअर कोणाचे, दुरुस्तीसाठी बाहेरून कोण जोडले जाते, टर्मिनलचा डेटा कोणत्या देशात साठतो? जगातल्या बंदरांवरच्या मोठ्या क्रेनपैकी बहुसंख्य शांघायच्या एकाच कंपनीच्या आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी या क्रेनच्या सायबर सुरक्षेसाठी आदेश काढले. अमात्य आज असते तर त्यांनी इमारतीऐवजी याविषयी कलम घातले असते.

याच इतिहासातली दुसरी आठवण कडू आहे. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात कान्होजींनी उभ्या केलेल्या आरमाराची राख झाली. तुळाजीचा बंदोबस्त करायची कारणे होती, ती खोटी नव्हती. पण घरच्या भांडणापायी समुद्रावरची एकमेव ताकद परक्याच्या हातून संपवणे ही मराठी राज्याची सर्वांत महाग पडलेली चूक होती, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर ६२ वर्षांनी पेशवाईच बुडाली.

किनाऱ्याकडे पाठ फिरवायची ती खोड अजून पुरती गेलेली नाही. १९९३ च्या स्फोटांचे आरडीएक्स आमच्याच रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरले. त्यानंतर २५७ माणसे गेली. २६/११ चे दहशतवादी कुबेर ट्रॉलर बळकावून समुद्रातूनच आले. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा श्रीवर्धनमध्येच, हरिहरेश्वरला, ओमानकडून वाहत आलेली बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ सापडल्या. घातपाताचा हेतू नव्हता हे निष्पन्न झाले, पण बोट किनाऱ्याला लागेपर्यंत तिला कोणी अडवले नाही. उलट सप्टेंबर २०१६ मध्ये, उरीच्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच, उरणच्या शाळकरी मुलांनी संशयित माणसे पाहिल्याचे सांगितले आणि मुंबईपासून सगळा किनारा सावध झाला. हाती काही लागले नाही, तरी त्या मुलांनी केले ते योग्यच होते.

कोळी बांधव आपले डोळे आणि कान आहेत, असे अधिकारी सभांमधून सांगतात. मग त्यांच्याशी वागणेही तसे हवे. उरण-पनवेलच्या भूमिपुत्रांनी हे बंदर, ही वसाहत, आता हा विमानतळ यांसाठी जमिनी दिल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढताना १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. ज्या प्रकल्पांना आज आपण सामरिक महत्त्वाचे म्हणतो त्यांच्या पायाशी ही गोष्ट आहे. स्थानिक माणसाचा विश्वास नसलेले सुरक्षा धोरण किनाऱ्यावर टिकत नाही, शेखाडीने ते एकदा दाखवले आहे. म्हणून या पुस्तकात पुनर्वसन आणि मासेमारी यांवरही प्रकरणे आहेत. काही वाचकांना ती विषयाबाहेरची वाटतील, मला ती मध्यवर्ती वाटतात.

शेवटचा मुद्दा धोरणाच्या कागदाचा. भारताने आजवर राष्ट्रीय सुरक्षा धोरण लिहून प्रसिद्ध केलेले नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने अध्यक्षांना ते संसदेपुढे ठेवावे लागते. जपानने २०१३ मध्ये पहिले आणि २०२२ मध्ये दुसरे प्रसिद्ध केले. आपल्याकडे २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण नियोजन समिती नेमली गेली आणि मसुदा करणे हे तिच्या कामांत होते. लोकांच्या हाती अजून काही आलेले नाही. लिहून ठेवले तर शत्रूला आपले पत्ते कळतील, हा आक्षेप मला पटत नाही. गुप्त ठेवायचे ते पुरवणीत ठेवता येते. १९६२ च्या पराभवानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, हेंडरसन ब्रुक्स अहवाल तयार झाला. सरकारने तो आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही आणि त्यावर देशाने कधी मोकळेपणी चर्चा केली नाही. के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा कारगिल अहवाल मात्र काही भाग गाळून प्रसिद्ध झाला आणि गुप्तवार्ता यंत्रणेपासून संरक्षण दलप्रमुख पदापर्यंतच्या सुधारणांची चर्चा त्यातून सुरू झाली. पराभव लपवून आपण काहीच वाचवले नाही.

वाचकाने हे पुस्तक पनवेल, पिंपरी, तारापूर किंवा इचलकरंजी, कुठेही बसून वाचले तरी एक काम करावे, ही विनंती. आपल्या तालुक्यात असे काय आहे की ते आठवडाभर बंद पडले तर देशाचे अडेल, आणि आपल्या कारखान्याला, दवाखान्याला, वीजकेंद्राला असे काय लागते की ते देणारा एकच परदेश आहे, याची यादी करावी. पूर आणि वायुगळती यांसाठी जिल्हा आराखडा असतो; बंदराच्या किंवा विजेच्या संगणकांवरच्या हल्ल्यासाठी आपल्या जिल्ह्याची तयारी काय, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. आणि पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारावे की राष्ट्रीय सुरक्षा धोरण संसदेपुढे कधी येणार. पत्र मराठीत लिहिले तरी चालेल, उत्तर मात्र लेखी मागावे.

नवीन पनवेल